फोर्स १३६च्या अधिकाऱ्याची वर्दी आणि चीजवस्तू: शोधणे, पडताळणे, जपणे

दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजेच्या पिछाडीला उतरून काम करणाऱ्या ब्रिटिश ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ (एसओई) या गुप्त संघटनेच्या पूर्वेकडील शाखेला मार्च १९४४पासून ‘फोर्स १३६’ हे नाव होते. कॉलिन मॅकेंझी तिचे प्रमुख होते. मुख्यालय आधी मेरठला होते, नंतर सिलोनमधल्या कँडीला गेले. महाराष्ट्राशी तिचा थेट संबंध आहे: मलायात उतरवायच्या चिनी स्वयंसेवकांचे प्रशिक्षण सिंहगडावर आणि खडकवासल्याच्या परिसरात झाले, ‘ईस्टर्न वॉरफेअर स्कूल’ पुण्याजवळच होते. त्यामुळे या दलातल्या अधिकाऱ्यांच्या वस्तू लंडनच्या लिलावात निघतात, तशाच पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेतूनही निघू शकतात.

या विषयात उतरणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी बांधून घ्यावी. जंगली हिरव्या रंगाचा बुश शर्ट हजारो अधिकाऱ्यांनी घातला. तो फोर्स १३६चा ठरतो तो त्याच्यासोबतच्या कागदांमुळे आणि बाकीच्या वस्तूंशी असलेल्या त्याच्या नात्यामुळे. म्हणून आधी माणूस, मग कागद आणि शेवटी कापड, या क्रमाने जमवावे. उलट क्रमाने जाणाऱ्याच्या कपाटात महागडे पण मुके कपडे साठतात.

आधी माणूस शोधा

वस्तूवर नाव, क्रमांक किंवा आद्याक्षरे सापडली की पैसे देण्याआधी तीन ठिकाणी शोध घ्यावा.

पहिले ठिकाण म्हणजे लंडनजवळच्या क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार. एसओईच्या व्यक्तिगत फाइली ‘एचएस ९’ या मालिकेत आहेत, अतिपूर्वेतल्या मोहिमांचे कागद ‘एचएस १’मध्ये आणि शौर्यपदकांच्या शिफारशी ‘डब्ल्यूओ ३७३’मध्ये. शिफारशीचा कागद फार कामाचा असतो. अधिकारी कोणत्या महिन्यात कुठे होता, हे त्यात सहसा लिहिलेले असते. जन्माला १०० वर्षे झाली नसतील तर व्यक्तिगत फाइल बंद असू शकते. मृत्यूचा पुरावा दिला तर ती उघडण्याची विनंती करता येते. फाइल सापडलीच नाही, म्हणून माणूस त्या दलात नव्हता असे मात्र ठरवू नका. एसओईचे बरेच कागद युद्धानंतर निवडून नष्ट करण्यात आले आणि काही १९४६मध्ये कचेरीला लागलेल्या आगीत गेले.

दुसरे ठिकाण ब्रिटिश लायब्ररीतला ‘इंडिया ऑफिस’चा संग्रह. अधिकारी भारतीय सैन्याचा असेल तर त्याची सेवानोंद तिथल्या ‘एल/एमआयएल/१४’ या मालिकेत पाहावी. युद्धकाळात आणीबाणीचे कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी ‘ईसी’ किंवा ‘आयईसी’ ही अक्षरे असतात. ट्रंकेवर असा क्रमांक रंगवलेला दिसला तर माणूस भारतीय सैन्यातला धरून शोध सुरू करावा. निव्वळ ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडून टप्प्याटप्प्याने क्यूला हलवल्या जात आहेत. अर्ज कुठे करायचा ते त्या वेळी तपासावे.

तिसरे ठिकाण ‘लंडन गॅझेट’ हे ब्रिटिश सरकारचे राजपत्र आणि छापील ‘इंडियन आर्मी लिस्ट’. नेमणूक, बढती आणि पदक यांच्या तारखा इथे मिळतात. अधिकारी युद्धात गेला असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत त्याचे दफनस्थळ सापडते.

मेजर ह्यू सिग्रिम यांचे उदाहरण घ्या. ते १९व्या हैदराबाद रेजिमेंटचे अधिकारी. ब्रह्मदेश पडल्यावर ते कॅरेन या तिथल्या डोंगरी जमातीच्या टेकड्यांतच राहिले, कॅरेन लोकांचाच वेश घालून वावरले. जपान्यांनी गावांवर अत्याचार सुरू केले तेव्हा ते थांबावेत म्हणून मार्च १९४४मध्ये ते स्वतःहून शत्रूच्या हवाली झाले. २ सप्टेंबर १९४४ रोजी रंगूनला त्यांना आणि त्यांच्या कॅरेन सहकाऱ्यांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. अशा माणसाची ‘जंगलात घातलेली वर्दी’ कोणी विकायला आणली तर पहिला प्रश्न हाच असायला हवा, की ती तिथून बाहेर आली कशी? मोहिमेत गेलेल्या अधिकाऱ्याच्या ज्या वस्तू टिकल्या, त्या बहुधा तळावर मागे ठेवलेल्या ट्रंकेतल्या: समारंभाची वर्दी, पत्रे, छायाचित्रे, दाढीचे सामान.

अधिकारी मरण पावला किंवा बेपत्ता झाला की त्याच्या सामानाची व्यवस्था ‘कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट’ लावत असे. ही समिती सामानाची यादी करी, सरकारी वस्तू परत घेई, काही वस्तू सहकाऱ्यांत लिलावाने विकी आणि उरलेले घरी पाठवी. ती यादी घरच्या कागदांत सापडली तर तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. यादीत ‘बुश शर्ट ४, पायजमे २, कॅमेरा १’ असे लिहिलेले असेल आणि तुमच्यासमोर पाचवा शर्ट असेल, तर तो पाचवा कुठून आला ते विचारावे.

घरच्यांकडून घेताना

सगळ्यात चांगला संच बाजारात येण्याआधी घरात असतो. तो घेताना वारसाकडून एका पानाचे निवेदन लिहून घ्यावे. लिहून देणाऱ्याचे अधिकाऱ्याशी नाते, वस्तू त्याच्याकडे कशी आणि केव्हा आली, मधल्या काळात कुठे होती, दिलेल्या वस्तूंची एकेक करून यादी, तारीख आणि सही, एवढे त्यात हवे. ‘आजोबा कमांडो होते’ हे ऐकीव वाक्यही तसेच नोंदवावे, पण ‘कुटुंबाचे म्हणणे’ असा शेरा मारून. पुढच्या संशोधकाला पुरावा कोणता आणि आठवण कोणती हे वेगळे कळले पाहिजे.

ट्रंक उघडायच्या आधी आणि उघडल्यावर, वस्तू जशा रचलेल्या आहेत तशाच अवस्थेत छायाचित्रे घ्यावीत. खिसे रिकामे करू नयेत. तिकीट, धोब्याची चिठ्ठी, वाळलेले पान, काहीही निघाले तर ते कोणत्या कपड्याच्या कोणत्या खिशात होते हे लिहून वेगळ्या पाकिटात ठेवावे. पत्रांत खाजगी मजकूर असतो, कॅरेन किंवा मलायी साथीदारांची नावे असतात. पत्रांच्या प्रती कुटुंबाला द्याव्यात आणि काय प्रसिद्ध करायचे ते त्यांना विचारूनच ठरवावे. कुटुंबाला संच एकत्र राहावा असे वाटत असेल आणि तुम्हाला त्यातली फक्त पदके हवी असतील, तर बाजूला व्हावे. लंडनचे नॅशनल आर्मी म्युझियम किंवा इम्पीरियल वॉर म्युझियम यांना लिहायला त्यांना मदत करावी.

संच फोडणे हा या छंदातला सर्वांत मोठा गुन्हा आहे. विक्रेता पदके एकाला, सुरा दुसऱ्याला आणि टोपी तिसऱ्याला विकतो, कारण सुटे विकून जास्त पैसे येतात. त्यानंतर तिन्ही वस्तू कायमच्या अनाथ होतात. शक्य असेल तर पूर्ण संच घ्यावा. परवडत नसेल तर दोघातिघांनी मिळून घ्यावा, पण एकाच कपाटात ठेवावा.

वर्दी तपासणे

साधने साधी पुरतात: १० पट मोठे दाखवणारे भिंग, छोटी विजेरी, कापडी मोजपट्टी, ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी, स्वच्छ सुती हातमोजे आणि वही. वही पेन्सिलीनेच लिहावी. कापडाजवळ पेन नकोच.

सुरुवात मापाने करावी. छाती, पाठीची लांबी, बाही, कंबर मोजून ती अधिकाऱ्याच्या नोंदीतल्या उंचीशी आणि छायाचित्रातल्या बांध्याशी ताडून पाहावीत. सहा फुटी माणसाच्या नावावर छातीला ३४ इंच भरणारा शर्ट आला, तर पुढची तपासणी करायची गरज उरत नाही.

मग शिक्के पाहावेत. भारतात बनलेल्या सरकारी कपड्यावर रुंद बाण आणि त्याखाली इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असते. ब्रिटनमधल्या मालावर ‘डब्ल्यू’ आणि ‘डी’ यांच्यामध्ये किंवा नुसताच बाण, कॅनडाच्या मालावर ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण आणि ऑस्ट्रेलियाच्या मालावर दोन ‘डी’मध्ये बाण. फोर्स १३६च्या अधिकाऱ्याकडे भारतीय मालाचे प्रमाण मोठे असणे साहजिक आहे, कारण पुरवठा इथूनच होता. भारतीय कापडाचा पोत जाडाभरडा असतो, रंग एका ठाणातून दुसऱ्या ठाणात बदलतो, वेबिंगचे पट्टे (अंगावर सामान अडकवायचे जाड कापडी पट्टे) ब्रिटिश मालापेक्षा सैल विणीचे आणि फिकट असतात. हे दोष म्हणजे उलट खरेपणाची खूण. सगळे पट्टे एकाच छटेचे आणि कडक असतील तर सावध व्हावे. सुरुवातीला तर खाकी ड्रिलचे कपडेच हिरवे रंगवून वापरले गेले. अशा कपड्यात शिवणीच्या आत, जिथे रंग नीट पोहोचला नाही तिथे, मूळची खाकी अजून दिसते. ती जरूर शोधावी.

अधिकारी स्वतःचे कपडे स्वतःच्या खर्चाने शिवून घेत, त्यामुळे शिंप्याची चिठ्ठी आतल्या खिशात किंवा मानेमागे सापडते. मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची किंवा व्हाइटअवे लेडलॉची चिठ्ठी असू शकते, छावणीतल्या एखाद्या दर्जीची असू शकते. चिठ्ठीवर शाईने ग्राहकाचे नाव आणि तारीख लिहायची पद्धत होती. चिठ्ठीचे टाके मूळ आहेत की ती नंतर डकवली आहे, हे भिंगाने पाहावे. मूळ चिठ्ठीच्या कडेने कापडावर वर्षानुवर्षांची मळरेषा असते आणि चिठ्ठी किंचित उचलली तर खालचे कापड जास्त गडद दिसते.

भारतात वापरलेल्या कपड्यांची सर्वांत उपयोगी खूण बहुतेक परदेशी संग्राहकांच्या नजरेतून सुटते. ती खूण धोब्याची. धोबी बिब्ब्याच्या रसाने मानेच्या आत, कमरपट्टीवर किंवा शर्टाच्या शेपटाला ठिपके, रेघा किंवा चिन्ह काढत. बिब्ब्याचा डाग साबणाने, सोड्याने, उन्हाने जात नाही. तो तपकिरी-काळा होऊन धाग्यात मुरतो. एकाच गिऱ्हाइकाच्या सगळ्या कपड्यांना एकच खूण असे. नाव असलेल्या टॉवेलावर जी खूण आहे तीच नाव नसलेल्या बुश शर्टावर सापडली, तर शर्टाचा मालक मिळाला. हल्लीच्या मार्कर पेनची नक्कल भिंगाखाली लगेच कळते, कारण तिच्या कडेला जांभळट ओघळ फुटलेला असतो. म्हणून प्रत्येक खुणेचे मोजपट्टीसह छायाचित्र काढून एका पानावर सर्व खुणा शेजारी शेजारी मांडाव्यात.

दोरा आणि बटणे यांवरून काळ कळतो. पॉलिएस्टरचा दोरा कपड्यांत युद्धानंतर आला. शिवणीच्या आतला एक सुटा तंतू चिमट्याने धरून जाळून पाहावा: सूत जळताना कागदाचा वास येतो आणि मऊ राख राहते, रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. ही परीक्षा मूळ कपड्याच्या दिसणाऱ्या भागावर कधीही करू नये, आणि कपडा तुमचा होईपर्यंत विक्रेत्याला विचारल्याशिवाय करू नये. अतिनील प्रकाशात निळसर-पांढरा चकाकणारा दोरा संशयास्पद असतो, कारण चकाकी आणणारी द्रव्ये युद्धानंतर सर्रास वापरात आली. पण एकट्या या कसोटीवर निकाल देऊ नये. खरा कपडाही कोणी अलीकडे धुण्याच्या पावडरीत धुतला असेल तर चकाकतो. फरक असा, की धुतलेला कपडा सगळीकडून सारखा चकाकतो. नुसत्या बिल्ल्याचा दोरा चकाकत असेल आणि कापड काळे राहत असेल, तर बिल्ला नंतर शिवला आहे.

बिल्ले, पंख आणि पदकफिती

सर्वाधिक फसवणूक इथेच होते. साध्या शर्टावर दोन बिल्ले चढवले की त्याची किंमत कैक पटींनी वाढते.

मोहिमेत उतरलेला अधिकारी अंगावर फारशी चिन्हे बाळगत नसे. खांद्यावर हुद्द्याचे तारे असत, कधी तेही नसत. त्यामुळे ‘जंगलात वापरलेला’ म्हणून दाखवलेला आणि पॅराशूट उडीच्या पंखांपासून खांदेपट्टीपर्यंत सर्व बिल्ल्यांनी सजलेला शर्ट पाहिला, की तो १९४५च्या अखेरीचा, परतल्यावर छावणीत घातलेला असावा असे धरावे. किंवा मग आजचा. पहिला प्रकारही चांगलाच असतो, फक्त त्याचे वर्णन खरे हवे.

मध्ये लाल ‘एसएफ’ अक्षरे आणि दोन्ही बाजूंना पंख असलेला बिल्ला युरोपात शत्रूच्या पिछाडीला उतरवलेल्या ‘जेडबर्ग’ या छोट्या पथकांचा. १९४४मध्ये फ्रान्समध्ये उतरलेले यातले काही अधिकारी नंतर फोर्स १३६मध्ये आले, म्हणून तो पूर्वेकडच्या वर्दीवर सापडू शकतो. पण तो प्रत्येकाचा नव्हे. अधिकाऱ्याच्या नोंदीत जेडबर्गचा उल्लेख नसेल तर हा बिल्ला त्याच्या बाहीवर कसा आला ते विचारावे. याच्या नकला जगभर मिळतात. ब्रह्मदेशात जपानी फळीमागे लढलेल्या चिंडिट दलाच्या, पिवळा सिंहमुखी चिंथे (ब्रह्मी देवळाचा राखणदार) आणि पॅगोडा असलेल्या बिल्ल्याचाही तोच प्रकार.

बिल्ला शिवलेला असेल तर कपड्याची आतली बाजू पाहावी. जुन्या टाक्यांची भोके आणि आताचे टाके जुळतात का? बिल्ल्याच्या कडेखाली न विटलेली सावली आहे का? सावलीचा आकार बिल्ल्यापेक्षा वेगळा असेल तर आधी तिथे दुसरेच काही होते. जरतारी काम असेल तर तारेचा रंग पाहावा. ऐंशी वर्षांच्या दमट हवेत मूळ तार करडी किंवा हिरवट पडते. पिवळीधमक, लाखेचा मुलामा दिलेली तार नवी. मागे इस्त्रीने चिकटणारी जाळी असेल तर प्रश्नच मिटला.

बिल्ल्यांवरच्या आणि बटणांवरच्या मुकुटावरूनही काळ ठरतो. युद्धकाळातला ट्युडर मुकुट वर गोलसर कमानीचा. १९५२नंतर राणीच्या काळात आलेला सेंट एडवर्ड मुकुट मध्ये दबलेल्या कमानीचा. मात्र २०२२पासून राजा चार्ल्सच्या काळात पुन्हा ट्युडर आकार वापरात आला आहे. त्यामुळे ‘ट्युडर म्हणजे जुना’ हा सोपा नियम आता चालत नाही. चकचकीत, कधीही पॉलिश न लागणारी अ‍ॅल्युमिनियमची बटणे आणि बिल्ले युद्धानंतरचे.

पदकफिती म्हणजे तर वर्दीवरचे कॅलेंडरच. ब्रह्मदेश मोहिमेचे पदक ‘बर्मा स्टार’ मे १९४५मध्ये जाहीर झाले, ‘वॉर मेडल’ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ १९४६मध्ये. म्हणजे बर्मा स्टारची गडद निळी, मध्ये लाल आणि दोन्ही बाजूंच्या निळ्या भागांच्या मधोमध नारिंगी पट्ट्यांची फीत ज्या अंगरख्यावर आहे, तो निदान त्या स्थितीत १९४४चा असूच शकत नाही. ‘ऑपरेशन कॅरेक्टर’मध्ये, म्हणजे १९४५च्या कॅरेन टेकड्यांतल्या मोहिमेत, घातलेला म्हणून सांगितलेल्या अंगरख्यावर इंडिया सर्व्हिस मेडलची फीत असेल तर ती नंतर लावली आहे. त्याच अधिकाऱ्याने स्वतः लावली असण्याचीही शक्यता असते. फितीखालच्या टाक्यांवरून ते कळते.

पदकांबाबत एक भेद ध्यानात ठेवावा. ब्रिटिश सैन्याला दिलेली दुसऱ्या महायुद्धाची मोहीमपदके नाव न कोरता दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर कडेला किंवा मागे नाव सापडते. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर सुबक अक्षरांत ‘फोर्स १३६’ कोरलेले दिसले, तर ते कुणी नंतर कोरून घेतलेले आहे. मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाच्या मागे खालच्या भुजेवर वर्ष कोरलेले असते. ते गॅझेटच्या तारखेशी जुळवावे.

सुरा, होकायंत्र, घड्याळ, नकाशे

फेअरबर्न-साइक्स या कमांडोंच्या दुधारी सुऱ्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला १९४१चा: विल्किन्सनने बनवलेला, इंग्रजी ‘एस’सारखा वळलेला आडवा दांडा, पात्याच्या बुडाशी चौकोनी सपाट भाग आणि त्यावर कोरीव चिन्ह. दुसरा १९४२पासून, सरळ दांडा आणि खवलेदार पितळी मूठ. तिसरा १९४३च्या अखेरीपासून, मुठीवर आडव्या कड्या. पहिल्याच्या नकला इतक्या आहेत, की कागदपत्रांशिवाय तो घेऊच नये. तिसरा स्वस्त मिळतो आणि १९४४-४५च्या अधिकाऱ्याच्या संचात तोच जास्त शोभतो. भारतात सुरा, संगीन, तलवार घेताना शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम पाहावे लागतात. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या शस्त्रांवर त्यात निर्बंध आहेत, पण खंजीर आणि संगीन यांचा उल्लेख नावानिशी असल्याने पाते आखूड आहे म्हणून बिनधास्त राहू नये. शरणागतीच्या वेळी मिळालेल्या जपानी तलवारीही यातच येतात. पिस्तूल, निकामी केलेले असले तरी, संचात घेऊ नये. त्याचे रिकामे कॅनव्हासचे कव्हर पुरेसे असते.

होकायंत्र आणि घड्याळ यांच्या चमकणाऱ्या काट्यांत रेडियम असते. चमक केव्हाच गेली असली तरी किरणोत्सर्ग चालूच असतो. मागचे झाकण उघडू नये, काटे खरवडू नयेत, ते झोपायच्या खोलीत ठेवू नयेत आणि अशा अनेक वस्तू एका बंद पेटीत कोंडू नयेत. काच फुटलेली असेल तर झिप पिशवीत बंद करून तशीच ठेवावी. ‘डब्ल्यू.डब्ल्यू.डब्ल्यू.’ छापाची मनगटी घड्याळे १९४५मध्ये उशिरा आली. १९४३च्या मोहिमेतल्या अधिकाऱ्याच्या नावावर ते दिसले तर शंका घ्यावी, ‘ए.टी.पी.’ छापाचे घड्याळ जास्त पटते. १९४४ नमुन्याच्या हिरव्या वेबिंगचेही तसेच: युद्ध चालू असताना ते फार थोड्यांपर्यंत पोहोचले. फोर्स १३६च्या १९४३-४४च्या संचाला १९३७ नमुन्याचे वेबिंग लागते.

सुटकेचे नकाशे रेशमावर आणि रेयॉनवर छापलेले असत. भिंगाखाली रेषा सलग रंगाची दिसली पाहिजे; रंगीबेरंगी ठिपक्यांची जाळी दिसली तर तो आजचा छपाई यंत्राचा माल. कडेचा एक तंतू जाळून मणी झाला तर नकाशा पॉलिएस्टरचा.

ब्रिटिश अधिकाऱ्याचे सेवापुस्तक ‘आर्मी बुक ४३९’. ‘आर्मी बुक ६४’ हे शिपायांचे पगारपुस्तक. अधिकाऱ्याच्या नावाचे ६४ सापडले तर तो आधी शिपाई म्हणून भरती झाला होता का ते नोंदीत पाहावे; अनेकांच्या बाबतीत ते खरे असते आणि मग ते पुस्तक संचातला सुंदर दुवा ठरते.

एसओईच्या वस्तू म्हणून ‘टाइम पेन्सिल’, म्हणजे स्फोटकासाठीची वेळ-कळ, विकायला येते. आतल्या काचेच्या कुपीत संक्षारक द्रव आणि टोकाला स्फोटक टोपी असू शकते. निकामी केल्याचा लेखी दाखला नसेल तर हात लावू नये. कुणाच्या ट्रंकेत सापडली तर ती हलवू नये, घरातल्या माणसांना दूर करून पोलिसांना कळवावे. विषमुखवट्याच्या गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तीही उघडू नये.

आणणे, नेणे आणि कायदा

परदेशातून कपडे मागवताना लक्षात घ्यावे, की वापरलेल्या कपड्यांची आयात भारतात निर्बंधित आहे. ‘जुने कपडे’ असे लिहून आलेले पार्सल कस्टममध्ये अडकते. ऐतिहासिक संग्रहवस्तूंसाठी वेगळे वर्गीकरण आहे. पार्सल निघण्याआधी कस्टम एजंटला वस्तूंची यादी, छायाचित्रे आणि पावती दाखवून वर्गीकरण ठरवून घ्यावे. खोटी किंमत लिहू नये. विमा आणि पुढे मालकीचा पुरावा दोन्ही त्या पावतीवरच उभे राहतात.

भारतातून बाहेर पाठवताना १९७२चा पुरावशेष कायदा आडवा येतो. वस्तूंसाठी १०० वर्षांची अट आहे, पण ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखिते, नोंदी आणि कागदपत्रे यांना ७५ वर्षांचीच. १९४४ची हस्तलिखित डायरी या मर्यादेत केव्हाच आली आहे. लंडनच्या नातेवाइकाला ती पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी.

इम्फाळ-कोहिमाच्या परिसरात स्वतः खोदून वस्तू काढू नयेत. जमिनीत अजून न फुटलेले गोळे आहेत आणि बेपत्ता माणसांचे अवशेषही. खोदून काढलेली ओळखपट्टी कोणी विकत असेल तर ती घेऊ नये. तिचे छायाचित्र आणि ठिकाण राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाला कळवावे.

जपणे

मुंबई-कोकणात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि ६५च्या वर बुरशी धरते. कपड्यांसाठी ४५ ते ५५ टक्के चांगले. पेटीत साधा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा आणि आठवड्यातून एकदा आकडा लिहावा. नारिंगी सिलिका जेल वापरावे, निळे नको, कारण त्यात कोबाल्ट असते. साधारण ५० लिटरच्या घट्ट झाकणाच्या पेटीत २०० ते ३०० ग्रॅम पुरते. रंग हिरवा झाला की ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरावे.

नवीन आलेला कपडा लगेच कपाटात घालू नये. जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवा काढून बंद करावा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा. कसर आणि तिची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी उघडण्याआधी २४ तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर कापडावर पाणी सुटते. चामडे, छायाचित्रे, घड्याळ आणि काच यांना ही पद्धत वापरू नये.

डांबराच्या गोळ्या प्लास्टिकची बटणे आणि चिठ्ठ्या मऊ करतात, कडुनिंबाचा पाला डाग पाडतो. दोन्ही टाळावीत. वर्दी धुऊ नये, ड्रायक्लीन करू नये. घामाची रेषा, चिखल आणि धोब्याची खूण हाच तिचा इतिहास. धूळ काढायची तर व्हॅक्यूमच्या नळीवर मलमल बांधून कमी जोरावर. वजनदार अंगरखा लटकवायचा तर लाकडी हँगरवर पांढऱ्या कापसाची जाड गादी करावी, वर धुऊन खळ काढलेले मांजरपाट शिवावे. लोखंडी हँगरचा गंज खांद्यावर उतरतो. बाकीचे कपडे आम्लविरहित कागदाच्या सुरळ्या घड्यांत घालून सपाट ठेवावेत आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी.

चामड्यात बसवलेल्या पितळी बकलाभोवती हिरवा मेणचट थर येतो. तो लाकडी काडीने आणि कोरड्या सुती कापडाने काढावा. ब्रासो लावला तर पांढरी पूड टाक्यांत शिरते आणि कायमची राहते. पट्ट्याला तेल चोपडू नये. तेल शिळे होते, चामडे काळे पडते आणि बुरशीला खाद्य मिळते. रेशमी नकाशा घडी न घालता आम्लविरहित कागदावर सुरळी करून ठेवावा.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, तो सुती नाडीच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सैल बांधावा. टाचणी, स्टेपल किंवा चिकटपट्टी लावू नये. नोंदवहीत वस्तूचे माप, शिक्के, खुणा, कोणाकडून आली, काय सिद्ध झाले आणि काय फक्त सांगितले गेले, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. संचात एखादा बिल्ला नसेल तर तो विकत आणून शिवू नये. छायाचित्रात तो दिसत असेल तर छायाचित्राची प्रत शेजारी ठेवावी आणि वहीत लिहावे: ‘मूळ बिल्ला उपलब्ध नाही.’